चिमूटभर शेंगाचटणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. अक्कलकोटला रांगेत तासतासभर उभी राहिले, तिथं देवापुढंसुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गल्लीतले नाही. एवढंच खरं कारण आहे, उगीच मोठं काही समजू नका.

आधी माझ्या पोटाचं सांगायला हवं. बाविसाव्या वर्षी मला क्रोन्स निघाला. आतड्यांचा आजार. आतून सूज येते, जखमा होतात, रक्त जातं, दिवसातून दहादा पळावं लागतं, आणि तो कायमचा जात नाही. गोळ्या घ्यायच्या आणि त्याला झोपवून ठेवायचं. तिखट बंद, शेंगदाणे बंद, कडक भाकरी बंद. सोलापुरात राहून हे सगळं बंद म्हणजे मग राहायचं तरी कशाला, असं माझा मामा म्हणायचा. बघायला आलेले लोक आजाराचं ऐकलं की चहा पिऊन निघून जायचे. मंद्रूपच्या आत्या तेवढ्या उठल्या नाहीत. आत्या म्हणजे आता माझ्या सासूबाई. त्या म्हणाल्या, "आजार हाय तर हाय. आमी भात शिजवू की."

आणि शिजवला. लग्नापासून माझ्यासाठी वेगळं पातेलं, मऊ भात, सालं काढलेल्या मुगाचं वरण. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. असं माणूस असतं? मला अजून कोडं पडतं.

याच आत्यांच्या हातची शेंगाचटणी आमच्या भागात नावाजलेली होती. शेंगदाणे मंद भाजायच्या, उखळात लसूण-तिखट घालून तेल सुटेपर्यंत कुटायच्या. कुणाची लेक सासरी निघाली की पहिला डबा आत्यांकडून जायचा. त्या कुटायला बसल्या की मी आतल्या खोलीत मशीनवर बसायचे. मी शाळेच्या गणवेशांचे शर्ट शिवते. वास यायचा, तोंडाला पाणी सुटायचं. पण मी कधी मागितली नाही. दिवस जाईपर्यंत.

दिवस गेले, आणि काय सांगू तुम्हाला — ज्या पोटानं मला इतकी वर्षं नुसतं छळलं, त्याच पोटात कुणीतरी राहायला आलं! पाचव्या महिन्यात पहिल्यांदा हललं तेव्हा मला वाटलं कळ येणार. हात आपोआप पोट दाबायला गेला. कळ आलीच नाही. आतून कुणीतरी हळूच टिचकी मारावी तसं झालं, परत झालं. मी शर्ट मशीनवर तसाच टाकून भिंतीला टेकून बसले. इतकं फाटकं आतडं, त्याच्या शेजारी हे कसं वाढतंय? कुणी शिकवलं याला? मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. आत्यांनी माझा हात बाजूला करून आपला हात ठेवला.

आजारही तेव्हा निवला होता. दुखणं नाही, रक्त नाही. मला वाटायला लागलं की हे लेकरूच मला बरं करतंय. तुम्हाला नसतं वाटलं?

मग डोहाळे लागले. कशाचे, तर चटणीचेच! आत्या आधी नाहीच म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी शेंगदाण्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं. मी हट्ट धरला, रडले. डोहाळे पुरवले नाहीत तर लेकराचे कान फुटतात, हे मीच त्यांना ऐकवलं. मी, बारावी सायन्स झालेली. आत्या दोन दिवस घुटमळल्या. मग मूठभर शेंगदाणे भाजून सालं काढली, तिखट नावाला, कुटून वस्त्रगाळ केलं आणि दह्यात कालवून चिमूटभर माझ्या जिभेवर ठेवली. ती चव आजही जिभेवर आहे. "बास हं पोरी," म्हणाल्या आणि वाटी उचलून नेली.

आठवड्याभरानं मला ताप चढला. कळा, रक्त, वजन उतरायला लागलं. सातवा महिना नुकताच लागला होता. सात रस्ता चौकाजवळच्या दवाखान्यात नेलं. बाळाचं वजन वाढत नाही म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या रोज चालू होत्या ना? मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलल्या.

"व्हय. मी सोता देते की रोज सकाळी, पाण्याच्या तांब्यासंगट."

मग खाण्यात काय आलं, म्हणून विचारलं. सगळे माझ्याकडं बघत होते. नवरा पायाशी उभा होता. आणि मी म्हणाले, "आत्यांनी चटणी दिली होती."

नवऱ्यानं आपल्या आईकडं ज्या नजरेनं बघितलं ती नजर मी जन्मात विसरणार नाही. मी मागितली, रडले, हे आत्यांनी सांगितलं नाही. नुसत्या माझी पावलं चोळत राहिल्या.

आता येते मुद्द्यावर. कितीही फिरून आले तरी यावंच लागणार.

गोळ्या मी घेतच नव्हते. तिसऱ्या महिन्यापासून. फोनवर कुठंतरी वाचलं होतं की असल्या औषधांनी व्यंग असलेलं मूल होतं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावलं होतं — या गोळ्या गरोदरपणात चालतात, थांबवल्या तर आजार उसळेल आणि तोच बाळाला जास्त घातक. मी मान डोलावली होती. रोज सकाळी आत्या समोर उभ्या राहायच्या, मी गोळी गालात धरून पाणी प्यायचे, आणि त्या वळल्या की काढून बटणांच्या डब्यात टाकायचे. पांढऱ्या बटणांत पांढुरकी गोळी, कोण बघतंय? डबा माझ्या मशीनवरच असायचा.

चिमूटभर चटणीनं एवढं होत नाही. मला तेव्हाही माहीत होतं. वड्याचं तेल वांग्यावर काढलं मी, शुद्धीत असताना, एका वाक्यात. गोळ्या चालू असून लागू पडल्या नाहीत असं धरून डॉक्टरीणबाईंनी औषधं आणखी कडक केली, त्याचाही भार पोटातल्या जिवावर. तरी माझं तोंड उघडलं नाही.

आठव्या महिन्यात भाग्या झाली. दीड किलोची. काचेच्या पेटीत ठेवली होती. मी पेटीच्या भोकातून बोट आत घातलं आणि तिनं ते धरलं. एवढीशी मूठ, पण काय पकड! मी तिला औषधाविना, अन्नाविना ठेवलं, आणि ती माझंच बोट धरून बसली होती. मी देवाला हात जोडले नाहीत, जोडवलेच नाहीत. नुसती बघत राहिले. अजूनही ती झोपली की बघते, ही आली कशी म्हणून.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी डबा मोरीत रिकामा केला. बटणं तेवढी धुऊन परत ठेवली.

आत्यांनी उखळ शेजारी देऊन टाकलं. चटणी सोडली — करायची आणि खायचीसुद्धा. भाग्याच्या दर वाढदिवसाला अक्कलकोटला जाऊन नाक घासतात. माज्या हातून पाप घडत हुतं, म्हणतात, लेकरू वाचवलंस. मी शेजारी त्यांची पिशवी धरून उभी असते.

भाग्या आता सात वर्षांची आहे. गेल्या रविवारी मैत्रिणीच्या डब्यातली चटणी खाऊन आली आणि आजीच्या मागं लागली, तू का करत नाहीस गं? आत्यांनी तिला मांडीवर घेतलं.

"माज्या हातची नको, बाळा. तुज्या आईला बाधली ती. तू पोटात हुतीस. माज्यापायी जाता जाता राहिलीस."

भाग्यानं माझ्याकडं बघितलं. "आई, खरं?"

मी शर्टाला बटण लावत होते. दोरा दातानं तोडला आणि हो म्हणाले.