दक्षिणेची भिंत

२०२४ साल होतं आणि मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही रडतखडत. पण भिंतीवर खिळा कुठे मारायचा हे मला सांगणारा माणूस कॉव्हेंट्रीत अजून जन्मायचाय, असं मी तेव्हा म्हणायचो आणि आजही म्हणतो. सुताराच्या घरात वाढलो, इथे इंग्लंडात येऊन उभा जन्म मोटारींच्या फॅक्टरीत काढला, पण ओळंबा काही हातातून सुटला नाही.

माझी थोरली नात इथल्या एका कम्युनिटी गॅलरीत नोकरीला आहे. पूर्वी तिथे बुटांचं दुकान होतं. नात प्रदर्शनं ठरवते आणि मी फुकटात चित्रं टांगतो. त्या वर्षी ब्रह्मदेशातून इकडे आलेल्या लोकांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. कुणी नर्स, कुणी हॉटेलात कुक. चित्रं सुट्टीत काढलेली.

नातीनं आधीच बजावलं, "आजोबा, ही लास्ट टाइम. पुढच्या वेळेपासून काउन्सिलचा माणूस येणार. ही शिडी आता तुमच्यासाठी नाही."

"का? मी कधी पडलोय?"

"पडला तर मला फॉर्म भरायला लागेल."

"मग नाही पडत. तुझा फॉर्म वाचवतो."

ती हसली, पण म्हणाली, "बघू. ह्या वेळी सगळं प्लॅनसारखं झालं तर बॉसशी बोलते." आणि हातात एक कागद दिला. त्यावर चार भिंती काढलेल्या, प्रत्येक चित्राला नंबर आणि उंची. नंबर एक दारातून शिरल्याशिरल्या समोरच्या भिंतीवर.

नंबर एक म्हणजे एका म्हातारीचं चित्र. गालांवर पिवळट लेप, आपल्याकडे चंदन उगाळून लावावं तसा, आणि डोळे असे की बघणाऱ्याची उलटतपासणी घेतील. पण मी आधी चौकट बघितली. वास घेतला, नखानं खरवडलं.

"सागवान," मी म्हणालो.

चित्रवाली चाळिशीची असेल, म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये काम करणारी. तिचा चेहरा एकदम फुलला. "यस अंकल! टीक! जुन्या पेटीचं फळकूट. तुम्हाला कसं कळलं?"

ब्रह्मदेशाबद्दल मला माहिती एवढीच. आमचे वडील बर्मा सागाचं नाव निघालं की हातातली विडी खाली ठेवायचे. ते तिला सांगितलं. तेव्हापासून आमचं जमलं. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच, त्यामुळे दोघांनाही सगळं समजायचं.

शुक्रवारी दुपारी तिनं विचारलं, "अंकल, जास्मिनची माळ कुठे मिळेल? माझ्या आईसाठी. ओपनिंगला चित्राला घालायची."

म्हणजे नंबर एक ही तिची आई, आणि चित्राला माळ म्हटल्यावर मी काय ते समजलो. म्हटलं, "माळेची काळजी करू नकोस, मी आणतो." तिच्या खांद्यावर हात ठेवला. तीही भरल्या डोळ्यांनी हसली.

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, पण कधी गेल्या त्या?"

"असं कोणी विचारतं का?"

"गेल्या असं ती म्हणाली का?"

"फोटोला हार घालायचाय म्हणाली. आता हार काय वाढदिवसाला घालतात?"

"तुम्ही नीट विचारून घ्या," ही म्हणाली. मी घेतलं नाही. हिचं ऐकायचं ठरवलं असतं तर मी फॅक्टरीत फोरमन होऊन रिटायर झालो असतो, असं ही अजून म्हणते.

मग संध्याकाळी मी गॅलरीत परत गेलो. चित्रं दुपारीच लावून झाली होती, नातही घरी गेली होती, साफसफाईवालीनं मला आत घेतलं. नंबर एक समोर, म्हणजे पूर्वेच्या भिंतीवर. मला काही ते पटेना. गेलेल्या माणसाचं चित्र दक्षिणेला लावतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ही लेकरं परक्या मुलखात आलेली, त्यांना कोण सांगणार? मी म्हातारीला उतरवलं आणि दक्षिणेच्या भिंतीवर लावलं. ती भिंत टॉयलेटच्या दाराशेजारी आणि उजेड जरा कमी, पण दिशा ती दिशा. समोरच्या रिकाम्या जागी नंबर दोन, तळ्यातली होडी. पायानं वल्हं मारणारा माणूस. ओळंब्यात तसूभर फरक नाही. वाटलं, उद्या नात बघेल आणि बॉसला स्वतःच सांगेल.

शनिवारी सकाळी देशी दुकानातून मोगऱ्याची माळ आणली, चित्राला घातली आणि खाली स्टुलावर उदबत्ती लावली. नात मागच्या खोलीत चहापाण्याच्या तयारीत अडकली होती आणि इकडे माणसं जमायला लागली. एक इंग्रज जोडपं चित्रासमोर जोरात बोलत होतं, त्यांना मी तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. बिचारे मान खाली घालून उभे राहिले.

तेवढ्यात चित्रातली बाई दारातून चालत आत आली.

तोच लेप, तेच डोळे. खाली लुंगीसारखं नेसलेलं आणि वर थंडीचं जाडजूड टोपीवालं अनोरॅक. लेक तिचा हात धरून आणत होती. आई सकाळच्या कोच बसनं लीड्सहून आली होती, दुसऱ्या मुलीकडून. लेकीनं तिचे डोळे हातानं झाकले, समोरच्या भिंतीपाशी आणलं आणि हात काढला.

समोर होडी.

म्हातारी होडीकडे बघत राहिली, लेक बाकीच्या भिंतींकडे. मला तेव्हा पळून जायला हवं होतं, पण मी उदबत्तीशेजारीच उभा होतो. शोधत शोधत दोघी टॉयलेटच्या दारापाशी आल्या. माळ, उदबत्ती, स्टूल.

"अंकल," लेक म्हणाली, "व्हाय हिअर?"

नात धावत आली. "आजोबा, उदबत्ती! फायर अलार्म! आणि नंबर वन इथे कोणी आणला?"

खोटं बोलायला एक क्षण मिळाला होता. प्लॅनच चुकीचा होता, असं म्हणता आलं असतं. फॅक्टरीत सुपरवायझरला मी कधी सॉरी म्हटलं नव्हतं. पण म्हातारी माझ्याकडे बघत होती.

"मी आणला," मी म्हणालो. "कुणाला विचारलं नाही. मला वाटलं, ह्या गेल्या." आणि आमच्यात हार कधी घालतात, दक्षिण कशासाठी, ते मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं.

लेकीनं ते आईला तिच्या भाषेत सांगितलं. बराच वेळ सांगत होती. मग म्हातारी काहीतरी म्हणाली.

"आई विचारते," लेक म्हणाली, "मी कशानं मेले?"

आधी ते इंग्रज जोडपं हसलं, मग सगळेच. नात सोडून. लेकीनं मला समजावलं की त्यांच्याकडे आईबाप जिवंत असताना त्यांच्यापुढे गुडघे टेकून नमस्कार करतात, फुलंही तेव्हाच. आईनं कधी चित्रकलेला बरं म्हटलं नव्हतं, म्हणून तिला पहिल्यांदा हेच दाखवायचं होतं. मी म्हातारीला हात जोडले आणि मराठीतच म्हणालो, "चुकलो, आई." वयानं ती माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठी असेल.

भाषणं सुरू व्हायची होती, म्हणून चित्र तिथेच राहिलं. नात माझ्या कानाशी म्हणाली, "उद्या काउन्सिलच्या माणसाला बोलावते. तुम्ही प्लीज घरी थांबा."

मी हो म्हटलं. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. कोट घालून दारापर्यंत गेलो तर मागून लेकीची हाक आली.

"अंकल, आई उद्यापर्यंत इथेच आहे. ती म्हणते, ज्यानं मला मारलं त्यानंच मला परत समोर लावायचं. दुसरा कोणी नको."

नातीनं तो नंबरांचा कागद काढून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "प्लॅनसारखं. आणि शिडी मी धरणार."

शिडी धरायला मी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. "बघतो," एवढंच म्हणालो आणि निघालो. घरी हिला सगळं सांगावं लागलं. ही दोनदा आमटी वाढायला उठली आणि दोन्ही वेळा पाठ करून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधीच मी गॅलरीच्या पायरीवर जाऊन बसलो. नात आली, तिला म्हटलं, कागद तूच वाच आणि उंची मोठ्यानं सांग. तिनं दोन्ही हातांनी शिडी धरली. मी चढलो, होडी काढली, सागवानी चौकट समोरच्या भिंतीवर चढवली. म्हातारी खाली खुर्चीत बसून अजून वर, अजून वर असा हात करत होती. तिचा हात थांबला तेव्हा मी खिळा पक्का केला आणि शिडीवरूनच नातीला विचारलं, "होडी कुठे लावायची?"