गुरुजींच्या वाडीचे फॉरवर्ड

आमच्या जमिनीच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. सकाळी फोन चार्जिंगवरून काढला की ग्रुपवर दोन-तीन आयतेच पडलेले असतात! श्रीवर्धन-म्हसळा पट्ट्यातले आम्ही वीसेक एजंट त्या ग्रुपवर आहोत. एकाकडे जागा, दुसऱ्याकडे गिऱ्हाईक, म्हणून जागा एकमेकांना पाठवायच्या. पद्धत चांगलीच आहे हो. वाट लावली ती माणसांनी.

दिवेआगरच्या कांबळे गुरुजींनी मला चौथीत शिकवलेलं. धाकट्या लेकीला म्हसळ्यात दातांचा दवाखाना टाकून द्यायचा म्हणून त्यांनी घरामागची नारळी-सुपारीची वाडी विकायला काढली. मला म्हणाले, "बाय, फक्त मागची. घरात कोणाचा पाय पडता कामा नये."

मी शब्द दिला. आणि मूर्खासारखी ती जागा ग्रुपवरच्या एकट्या नंदूला पाठवली.

*

तिसऱ्या दिवशी तीच वाडी एका अनोळखी एजंटाने मलाच पाठवली!

"एक्सक्लुझिव्ह आहे, ताई. मी स्वतः जाऊन फोटो काढलेत."

फोटोत माझी स्कूटर उभी होती. हँडलला भाजीची पिशवीसुद्धा!

*

नंदूला झाप झाप झापलं. तो म्हणाला, "आईशपथ ताई, मी एकालाच दिली."

त्या एकानेही एकालाच दिली होती. त्याच्या पुढच्यानेही एकालाच. सगळे कसे सज्जन!

*

आमच्यात दुसऱ्या एजंटाला खरं लोकेशन देत नाहीत. तो परस्पर मालकाला गाठेल ना! म्हणून जरा बाजूचं पाठवायचं. पण सात जणांनी 'जरा बाजूचं' पाठवल्यावर काय होणार?

एकाचा भर दुपारी फोन. "ताय, पुन्याची पार्टी घेऊन म्हसळा स्टँडवर उभा हाय. हितं तर नारळाचं झाडच न्हाय!"

*

तोवर 'मागची वाडी'ची 'बंगल्यासह वाडी' झाली होती. वर कोणीतरी मागच्या चक्रीवादळाआधीचा, सुपारी गच्च उभी असलेला फोटो चिकटवला. मी ग्रुपवर भडकून विचारलं, "ही झाडं आता आहेत कुठे?"

"पार्टीला सांगायचं, पडली."

"कधी?"

"कालच!"

खाली हसण्याच्या इमोजींची रांग लागली. मला नाही हसू आलं. ती झाडं पडली तेव्हा गुरुजी अंगणात बसून रडले होते. मी पाहिलंय ते.

*

शनिवारी गुरुजींच्या दारात गाडी थांबली. एजंट गिऱ्हाइकाला घेऊन थेट स्वयंपाकघरात घुसला आणि टेप लावून ओटा मोजायला लागला. मागोमाग आत आलेल्या गुरुजींना म्हणाला, "काका, राखणदार ना तुम्ही? घर कधी खाली करताय?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "मालकांना विचारून सांगतो."

"कुठले मालक? गुरुजी वारले ना गेल्या महिन्यात! आमचे अगदी घरचे संबंध होते. मुलीला घाई आहे, म्हणून तर मिळतंय."

गुरुजींनी सगळ्यांना चहा पाजला, गाडीपर्यंत सोडलं आणि मला फोन लावून झाला प्रकार सांगितला. माझी मान शरमेने खाली गेली. माफी मागायला तोंड उघडणार, तोच म्हणाले,

"बाय, मी वारलो ना, उद्या माझं पुण्यानुमोदन ठेवलंय. ग्रुपवर टाक. घरचेच संबंध आहेत, सगळे येतील."