अक्काच्या धुक्यातल्या होड्या

सोबतच्या फोटोतलं हे चित्र मी काढलेलं नाही.

खाली कोपऱ्यात 'कु. शकुंतला' असं माझं नाव लिहिलंय. चित्र माझ्या थोरल्या बहिणीचं, अनसूयाअक्काचं.

अक्का आज पहाटे वारली, हुलसूरला, माहेरच्या घरी.

हैदराबाद राज्य अजून फुटलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. अक्काच्या यजमानांची नोकरी तेलंगणात, गोदावरीच्या काठी; कामावरून घरी यायचे ते होडीने. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ते तापाने गेले. अक्का माहेरी परत आली ती एक रंगपेटी घेऊन.

आल्यावर तिने हे एकच चित्र काढलं. धुकं, पिवळट उजेड, शिडाच्या होड्या.

मी मॅट्रिक झाले आणि बिदरहून मला बघायला पाहुणे यायचं ठरलं. मुलीच्या हातचं काहीतरी भिंतीवर लागायचंच. माझं भरतकाम दाखवण्यासारखं नव्हतं.

आई म्हणाली, "होड्या लाव. तुझं नाव घाल."

"आणि अक्काचं?"

"विधवेच्या हातचं आजच्या दिवशी लावत न्हाईत."

अक्कानेच ब्रश घेतला आणि माझं नाव लिहिलं. "तुझं अक्षर म्हंजे मुंग्या. मीच लिहिते," म्हणून हसली.

पाहुण्यांतल्या आत्याबाईंनी विचारलं, "एवढं धुकं कामून काढलीस गं?"

मी आतल्या दाराकडे बघितलं.

स्वयंपाकघरातून अक्काचा आवाज आला, "थंडीत नदीवर तसंच असतंय, आत्याबाई. आधी शीड दिसतंय, मग होडी."

लग्न जमलं. चित्र माझ्यासोबत सासरी, बिदरजवळच्या नौबादला आलं.

लोक कौतुक करायचे. मी म्हणायची, देवाची कृपा. रोज देवापुढे दिवा लावणारी मी, इतकी वर्षं हे बोलत आले.

अक्का दिवाळीला यायची तेव्हा मात्र मी चित्र उतरवून कोठीत ठेवायची. तिला दुखेल म्हणून, असं मनाला सांगायची. खरं तर तिच्यासमोर ते नाव मलाच सोसवत नव्हतं.

तिने कधी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात तिला बघायला गेले तेव्हा अंथरुणावरून विचारलं.

"शकू, ते चित्र मोडीत घातलीस का गं?"

"न्हाई अक्का! हाय की घरी."

"मग मला कामून दाखविली न्हाईस? माझ्याकडं त्यांचा फोटोसुद्धा न्हाई."

दुसऱ्या दिवशी चित्र घेऊन पुन्हा हुलसूरला गेले. काचेला नाक टेकवून ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग अगदी मागच्या, जेमतेम दिसणाऱ्या शिडावर बोट ठेवलं.

"ह्यात ते हायत. घरी यायलेत."

फोटो शेअर केलात तर खाली तिचं नाव लिहा.

अक्का, माझं चुकलं.

सावकाश जा.