वास थांबला तेव्हा
नारायणगुड्याच्या नाक्यावर कुणी उकडलेलं अंडं सोललं, की मला गोदावरीकाठची ती बोअर आठवते. जमिनीतल्या उष्णतेवर वीज करता येईल का, हे बघायला आम्ही गेलो होतो. पाइपातून कढत पाणी उसळत होतं आणि सडक्या अंड्यांच्या वासानं डोळे चुरचुरत होते. अचानक वास थांबला. हायसं वाटून मी तोंडावरची ओढणी काढली आणि आमच्या मोठ्या मॅडमना तसं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "बू नई आरी? गॅस बढ गई, नाक मर गई. भागो." तो विषारी वायू फार वाढला, की आधी नाकच बधिर होतं. मनगट धरून त्यांनी मला वारा येत होता त्या चढावर ओढलं. मागे पाणी उसळतच होतं, आणि मला कशाचाच वास येत नव्हता. नाक्यावर लोक नाक मुरडतात. मी मात्र तो वास छातीभर ओढून घेते, तेव्हा कुठे जिवात जीव येतो.