रोहूची चौदा फुटांची नाडी

राहुरीच्या पेठेत मच्छिंद्र शिंप्याचं दुकान होतं आणि त्याच्या बरोबर समोर माझं घड्याळदुरुस्तीचं. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या माणसाला रस्त्यावरचं काही दिसत नाही, असा लोकांचा समज असतो. मला सगळं दिसायचं. म्हणून हे सांगू शकतो.

मच्छिंद्र तेव्हा पंचेचाळिशीचा होता. अंगानं काटकुळा, गळ्यात तुळशीची माळ, माळेवर लोंबणारी टेप आणि कानावर खडूचा तुकडा. मटण-मासळी तर सोडाच, त्याच्या घरात मसुराची डाळसुद्धा शिजत नसे. बायको कलाबाई त्याच्याहून कडक. आणि नाव मात्र मच्छिंद्र! आमच्या जिल्ह्यात नाथांची ठाणी जागोजाग, मच्छिंद्रनाथ माशाच्या पोटातून आले हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे चेष्टा ठरलेली असायची.

"माशाच्या पोटातून आलास, अन् मासाच चालत न्हाई व्हय रे तुला?"

"म्हनूनच चालत न्हाई," मच्छिंद्र मशीनवरून मान न उचलता म्हणायचा. "आजोळ हाय माजं."

एरवी तो कशावरही चिडत नसे. चिडायचा तो फक्त चुकीच्या मापावर. जेवून उठलेल्या माणसाच्या कंबरेचं माप घ्यायचं नाही, पोट आत ओढून उभा राहिलेल्याचं घ्यायचं नाही आणि ताणून धरलेल्या कापडाचं तर मुळीच नाही, हे त्याचे नियम. एकदा एका फौजदारालाही त्यानं "आदी श्वास सोडा साहेब" म्हणून पाच मिनिटं ताटकळत ठेवलं होतं.

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात जालिंदर सर त्याच्याकडे राहायला आले. ते मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातले, शेतकऱ्याच्या घरचे. संगमनेरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि डॉक्टरेटचा अभ्यास करायचे. मुळा धरणात नव्यानं सोडलेले मासे आणि नदीतले जुने मासे काय खातात, आणि त्यांची पोटं आतून कशी असतात, हा त्यांचा विषय. कलाबाईनं दुकानामागची खोली देताना एवढंच विचारलं होतं, की तुम्ही काय करता. ते म्हणाले, "शिकवतो." तेही खरंच होतं.

चार दिवसांत खोलीतून मासे टिकवायच्या औषधाचा आणि माशांचा असा मिसळलेला वास यायला लागला, की माझ्या दुकानातली गिऱ्हाइकं घड्याळ ठेवून नाक धरून पळायची. कलाबाईनं खोलीच्या दारात उदबत्त्या लावल्या. मग तिसऱ्या वासाची भर पडली.

"भाडेकरू मास्तर म्हनून घेतला हुता, कोळी म्हनून न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली. "आजच्या आज सांगा त्याला खोली सोडाया."

मच्छिंद्र सांगायलाच गेला. मी माझ्या खुर्चीतून त्याची पाठ पाहत होतो. तो दारात थांबला, तोंडावर उपरण्याचा बोळा धरला आणि तसाच उभा राहिला. आतलं त्यानंच मला नंतर सांगितलं. जालिंदर सर लाकडी फूटपट्टी घेऊन एका माशाचं आतडं टेबलावर सरळ करत होते. एक टोक टाचणीनं टोचलेलं, दुसरं चिमटीत. मोजायचे, लिहायचे, परत मोजायचे, खोडायचे. तिसऱ्यांदा खोडलं तेव्हा मच्छिंद्रला राहवलं नाही.

"सर, तानताय कशाला त्ये?"

"ताणल्याशिवाय सरळ कसं होणार?"

"मंग माप तुमच्या हाताचं झालं. माशाचं कुठं झालं?"

खोली सोडण्याचं बोलणं तिथंच राहिलं. मच्छिंद्र दुकानात आला, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणि पाण्याची वाटी घेऊन गेला. बाहीचा गोलावा मोजायचा तर आम्ही कापड सरळ करत नाही, दोरा वाकडा करतो, असं त्यानं सरांना सांगितलं. आतडं आहे तसं वळणावळणानं पसरायला लावलं, ओला दोरा त्याच्या कडेनं बसवला, आणि मग दोरा टेपवर मोजला. माशाला त्यानं बोट लावलं नाही. तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा एकच आकडा आला. जालिंदर सरांनी त्या दिवशीची वहीची चार पानं फाडून टाकली.

मासा रोहू होता. तोंडापासून शेपटीपर्यंत चौदा इंच. आतडं चौदा फूट.

मच्छिंद्र माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा देव दिसल्यासारखा झाला होता. "बारा पट! एवढाल्या पोटात एवढी नाडी! अन् गुंता म्हनशील तर न्हाई. आमी नेफ्यात नाडी घालतो तर तिला पीळ पडतो. हितं येटोळ्यावर येटोळं, पन कुठं गाठ न्हाई."

दुसऱ्या दिवशी सरांनी मरळ फाडली. तीही साधारण तेवढ्याच लांबीची. मच्छिंद्र दोरा घेऊन तयारच होता. पण आतडं नऊ इंचांतच संपलं. वर मात्र एक जाड पिशवी होती, ती कापली तर आत अख्खी मासोळी निघाली, खवल्यांसकट.

"हे जठर," सर म्हणाले. "मरळ शिकारी आहे. धरला घास की गिळला. मांस लवकर पचतं, म्हणून लांब नळी लागत नाही. पण एवढा मोठा घास ठेवायला जागा हवी, ती ही पिशवी. रोहू शेवाळ खातो, कुजका पाला खातो. त्यातलं सत्त्व सुटायला वेळ लागतो, म्हणून अन्न आत फिरत राहिलं पाहिजे. आणि त्याला जठर नाहीच."

"अजिबात न्हाई?"

"अजिबात नाही. तोंडात दातही नाहीत. दात घशात असतात, पाला तिथं रगडला जातो."

"आमच्या मशीनचं तसंच हाय की. दाते खालनं असत्यात, कुनाला दिसत न्हाईत, पन कापड तेच वढत्यात." मच्छिंद्रनं दोन्ही माशांचे दोरे शेजारी शेजारी धरले. मग म्हणाला, "म्हंजी जो दुसऱ्याला खातो त्याला खिसा, अन् जो पाला खातो त्याला नाडी."

सरांनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. प्रबंधात त्यांनी ते वापरलं नाही, पण वर्गात शिकवताना आयुष्यभर वापरलं, असं त्यांनीच मला सांगितलं.

पुढचे कित्येक महिने मच्छिंद्र सकाळी सात ते नऊ माशांची मापं घ्यायचा आणि नऊनंतर माणसांची. त्याला नाद लागला. मृगळ आठ पट भरला, कटला पाच पटीच्या आत. कटला पाण्यातले बारीक जीव गाळून खातो, म्हणून त्याचं आतडं रोहूपेक्षा आखूड, हे सरांनी सांगायच्या आधी त्यानं स्वतः ओळखलं. बाजारच्या दिवशी तो मासेवाल्या बायडाबाईच्या पाटीसमोर उकिडवा बसू लागला. बायडाबाई भोयांची, दोन पिढ्या मुळेच्या पाण्यावर जगलेली.

"दादा, घ्यायचा तर घ्या," ती म्हणायची. "नुसतं बघून माझ्या मालाला दिष्ट लागंल."

"घ्यायचा न्हाई. ह्यो कुठं चरतो तेवढं सांग. तळाला का वर?"

"चरतो? ती काय म्हस हाय व्हय?" पण ती सांगायची. कोणता मासा चिखलात तोंड घालतो, कोणता पहाटे वर येतो, कोणाच्या पोटात शंख सापडतात. मच्छिंद्र ते सरांना सांगायचा आणि सर ते आतडं फाडून ताडून बघायचे. बहुतेक वेळा बायडाबाई बरोबर निघायची.

माळकऱ्यानं मासेवालीपुढं बसकण मारल्यावर गावात काय बोललं जाणार ते बोललं गेलंच. त्यात मच्छिंद्रनं स्वतःच तेल ओतलं. गिऱ्हाइकांची मापं घेता घेता तो सांगू लागला, की रोहू आपल्यातला आहे, जन्माचा माळकरी आहे. ऐकणाऱ्याला रोहूचं काही नव्हतं. त्याच्या डोक्यात एकच यायचं, की आत्ता माझ्या छातीवर जी टेप आहे ती सकाळी कुठं होती?

भजनी मंडळाचे प्रमुख आप्पासाहेब यांच्या मुलाचं, गोरक्षचं, लग्न ठरलं होतं. आप्पासाहेबांचा कोट मच्छिंद्रकडे होता. एके दिवशी त्यांनी निरोप पाठवला, की कापड परत दे, आणि एकादशीला दुपारी देवळात ये, मंडळाला तुझ्याशी बोलायचं आहे.

त्या दिवशी कलाबाईची भाकरी नवऱ्याच्या ताटात इतक्या जोरात पडली, की मला समोर ऐकू आली.

त्यात भर म्हणून एकादशीच्या आदल्या सकाळी जालिंदर सरांनी धरणावरून रोहूची बोटाच्या पेराएवढी पिल्लं आणली. मच्छिंद्र भिंग मागायला माझ्याकडे आला, मीही त्याच्याबरोबर गेलो. पिल्लाचं आतडं केसासारखं. मच्छिंद्रनं रिळाच्या दोऱ्यातला एक धागा उकलून त्यावर बसवला. जेमतेम पिल्लाच्या अंगाएवढंच भरलं.

"सर, हे मरळीचं पोर आलं चुकून."

"नाही मामा, रोहूच आहे. लहानपणी तो पाला खात नाही. पाण्यातले बारीक किडे खातो. जसजसा मोठा होतो तसा शेवाळाकडे वळतो आणि आतडं वाढत जातं."

मच्छिंद्रनं धागा खाली ठेवला. "म्हंजी किडं खातो?"

"लहानपणी."

तो निघून गेला. दिवसभर त्यानं मशीनला पाय लावला नाही. मी चहा पाठवला, तो तसाच परत आला. इतक्या लोकांना छातीठोक सांगितलेलं खोटं निघालं, आणि तेही नेमकं उद्या मंडळापुढं उभं राहायचं असताना. मला वाटलं, हा आता आजारी पडतो.

दुसऱ्या दिवशी देवळात पंचवीसेक माणसं होती. मी मुद्दाम खांबाजवळ बसलो.

"मच्छिंद्रा," आप्पासाहेब म्हणाले, "माळ घालून माशांची आतडी मोजतोस, हे खरं का?"

"व्हय. मोजतो. खात न्हाई."

"आणि त्याच टेपनं आमच्या छात्या?"

मच्छिंद्रनं दोन खिशांतून दोन टेपा काढल्या. एकीच्या टोकाला लाल दोरा बांधलेला होता. "ही माशांची. ही माज्या घराच्या उंबऱ्याच्या आत येत न्हाई. खोटं वाटलं तर कलाबाईला इचारा. तिच्या तावडीतनं ही आत आली असती तर मी आज हितं नसतो."

पाठीमागून कोणीतरी हसलं. आप्पासाहेब हसले नाहीत. "आणि रोहू माळकरी आहे म्हणून गावभर सांगतोस ते?"

"ते चुकलं," मच्छिंद्र म्हणाला. तो मापात चुकलो म्हणतोय हे देवळातल्या कोणीही याआधी ऐकलं नव्हतं. "काल पिल्लं मोजली. लहानपनी रोहूबी किडं खातो. तवा त्याची नाडी यवढीशी. मोटा हुतो तसा पाल्याला लागतो, अन् नाडी वाडत वाडत चौदा फुटांवर जाते. मला लई वाईट वाटलं. रातभर इचार केला. मंग ध्यानात आलं, की माळ कोन आईच्या पोटातनं घालून येतं? मी सोता दहा वर्सांचा होईस्तवर वड्यातली खेकडी खाल्ली. हितं बसलेल्यांनी कवा कवा माळ घातली, अन् त्याच्या आदी जत्रंत कुनी किती वाट्या रस्सा…"

तो थांबला, पण नजर आप्पासाहेबांवर होती. आप्पासाहेबांनी माळ घालून पाचच वर्षं झाली होती, आणि त्याआधीची त्यांची जत्रेतली पंगत अजून तालुक्यात सांगितली जायची.

पेटीवाल्याला आधी हसू फुटलं. मग टाळकऱ्यांना. शेवटी आप्पासाहेबांचं पोट हलायला लागलं, त्यांचं हसू आधी तिथंच दिसायचं.

"म्हणजे पाच वर्षांत माझंही आतडं वाढलं असेल म्हण की!"

"ते न्हाई सांगता यायचं," मच्छिंद्र गंभीरपणे म्हणाला. "कंबर वाडलीया साडेतीन इंच. ती मोजलीय मी."

माळ घातल्यानं माणसाचं आतडं वाढत नाही, हे जालिंदर सरांनी मला नंतर समजावून सांगितलं. ते त्या दिवशी देवळात नव्हते हे बरंच झालं. कोटाचं कापड संध्याकाळीच मच्छिंद्रकडे परत आलं, आणि गोरक्षच्या लग्नात आप्पासाहेब तोच कोट घालून मिरवले.

तीनशे चाळीस मासे मोजून झाल्यावर सर आपलं सामान घेऊन गेले. दीड वर्षानं ते परत आले, पेढ्यांचा पुडा आणि जाड पुठ्ठ्याचा प्रबंध घेऊन. मला बोलावून घेतलं. पहिल्याच पानावर आभार होते, इंग्रजीत. सरांनी ते मराठीत सांगितले, की सर्व मापं अचूक घेतल्याबद्दल राहुरीचे शिवणकाम करणारे श्री. मच्छिंद्र यांचा मी ऋणी आहे. मच्छिंद्रनं ती ओळ बोटानं दोनदा चाचपली.

कलाबाई चहा घेऊन उभी होती. "त्यात माजं नाव हाय का?"

सर गडबडले. "मामी, तुमचं…"

"मापं त्यांनी घेतली. वास कुनी सोसला?"

जालिंदर सरांनी खिशातलं पेन काढलं आणि छापलेल्या ओळीखाली मराठीत लिहिलं, 'आणि सौ. कलाबाई यांचाही.' कलाबाईनं ते वाचायला लावलं, ऐकून घेतलं, आणि मग सरांना पिठलं-भाकरी खाल्ल्याशिवाय संगमनेरच्या गाडीत बसू दिलं नाही.