पळसाचं सरबत आणि तापलेला गोटा

देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि मी नुकतीच लग्नात अडकले होते. गोंदियाची मुलगी, पडले सौंदडजवळच्या खेड्यात, धानकऱ्यांच्या घरी. चूल माझ्याच्याने पेटत नसे. रोवणीला गेले तर रोपापेक्षा मीच चिखलात जास्त रुतायची. "तोंडाचीच आहे हे," असं बायका माझ्यासमोरच म्हणत. पाठीमागे बोलण्याची पद्धत तिकडे नाही.

मग मी तोंडच चालवलं. आमच्या गोंदियाला उन्हाळ्यात फुलांचं सरबत करतात, त्यात बर्फ घालतात, एका घोटात दात शिवशिवतात, असं विहिरीवर सांगून बसले. बायका म्हणाल्या, "मंग पाजून दाखव ना!" आता माघार घेतली असती तर जन्मभर 'बर्फवाली' म्हणून चिडवून घ्यावं लागलं असतं.

गुलाब गावात औषधालाही नव्हता. पळसाची वाळलेली फुलं मात्र टोपलीभर होती. सासूबाई ओरडल्या, "शिमग्याचा रंग पाजतेस का लोकाइले?" तरी मी फुलं माठात भिजत घातली, सकाळी गाळून साखर-वेलची घातली, लिंबू पिळलं. भावाने गोंदियाहून रेल्वेने बर्फ धाडला, पोत्यात, गिरणीतल्या धानाच्या भुशात पुरून. आमच्या ह्यांनी तो स्टेशनावरून बैलगाडीने आणला, ओसरीवर ठेवला आणि ते बैलांना पाणी पाजायला गेले. मी न्हाणीत होते.

बाहेर आले तर अंगणभर भुसा पसरलेला आणि सासूबाई तो पायाने सारखा करताहेत! धानकऱ्याच्या घरात ओलं पोतं दिसलं की कुणी विचारत बसत नाही, उन्हात उपडं करतात.

"आत्याबाई, यातला बर्फ?"

"बर्फ-गिर्फ नाही दिसला वं. एक मोठा गोटा होता. वजनाले घालून देल्ला असन तुया भावाले कोणं! अन् तापला केवढा होता, हात पोळला माया. फेकून देल्ला उकिरड्यावर."

मी धावले. उकिरड्यावर आमची म्हैस डोळे मिटून गोटा चाटत उभी होती. सुपारीएवढा उरला होता, तोही तिने माझ्यादेखत गिळला. मी तिथेच बसून भोकाड पसरलं. सासूबाई मागोमाग आल्या, म्हशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदराने माझं नाक इतकं जोरात पुसलं की ते संध्याकाळपर्यंत लाल होतं.

दुपारी बायका आपापले पेले घेऊन हजर. "बर्फ कोठी आहे?"

मी तोंड उघडणार तोच सासूबाई म्हणाल्या, "विरघळला त्यातच. बर्फ का तसाच बसून रायते?" पहिला घोट त्यांनीच घेतला आणि गाल धरला. "अगं माय, दात गेले माये!"

त्यांना दात दोनच होते. पण मग साऱ्या अंगणाचे दात शिवशिवले. एकीला हुडहुडी भरली, ती वैशाखाच्या उन्हात जाऊन बसली. "पोरगी कामाची आहे वं," असं म्हणत बायका घरी गेल्या, आणि मला पुन्हा रडू आलं.

सगळ्या गेल्यावर सासूबाई जवळ सरकल्या. "खरं सांग, बर्फ घातल्यावर याच्याहून गार लागते का?"

"नाही आत्याबाई, एवढंच."

"मंग फुकाचा हात पोळला माया," म्हणत त्यांनी माठातलं उरलेलं सगळं सरबत माझ्या पेल्यात ओतलं.