खिळ्यावरचे बिल्ले

बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या हजेरीखोलीत एक लाकडी फळी अजून भिंतीला आहे आणि तिच्या प्रत्येक खिळ्याला पितळी बिल्ला लटकतो आहे. बाहेर वसाहतीतल्या घरांची दारं गेली, खिडक्यांचे गज गेले, दवाखान्याचे पत्रेसुद्धा कुणीतरी उचलून नेले. या पितळेला मात्र कुणी हात लावलेला नाही.

का, ते बाबांनी सांगितलं. त्यांचं सगळं तरुणपण या खाणीत गेलं. खाली उतरताना आपल्या नंबरचा बिल्ला खिळ्याला अडकवायचा, वर आल्यावर काढून घ्यायचा. बिल्ला दिसतोय तोवर माणूस खाली आहे. दुसऱ्याचा बिल्ला काढणं म्हणजे पाप.

"मग शेवटच्या दिवशी तुम्ही आपापले का नाही काढले?"

"साहेब म्हणाले, राहू द्या, आठ दिवसांत परत यायचंच आहे. राहू दिले."

साहेबांच्या बंगल्यातले पडदे महिनाभर आधीच उतरले होते. सगळ्यांनी पाहिलं होतं. धुवायला काढले असतील, असं वाटलं म्हणे! मला साहेबांचा संताप आला, आणि खरं सांगायचं तर या भाबड्या माणसांचाही. अशी ओसाड गावं बघायला येणारे सहज म्हणतात, लोक सोडून गेले. कोण कुणाला सोडून गेलं, ते या फळीला विचारावं.

बाबांना त्यांचा नंबर लगेच सापडला.

"घ्या ना काढून. तुमचाच आहे."

त्यांनी बिल्ल्यावरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि तो तसाच राहू दिला.

"वर आल्यावर काढायचा असतो," ते म्हणाले.